कुणी पाडला?

रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावायचा आणि मागे काहीतरी ‘जर्मन’ दिसेल असं बघायचं, ही सवय मला इथे आल्यापासून लागली आहे. एखादं चर्च, एखादी नदी, नाहीतर निदान एखादी वेळेवर आलेली ट्राम. त्या रविवारी मागे एक पडका किल्ला होता. टेकडीवर बिनछपराच्या भिंती, एक जाडजूड बुरूज, आणि खाली गावापर्यंत उतरत गेलेल्या द्राक्षबागा. आईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि आपल्याकडचं कुणीही विचारेल तेच विचारलं.

“कुणाचा रे हा किल्ला? आणि पाडला कुणी?”

“फ्रेंचांनी,” मी ठोकून दिलं.

मला माहीत नव्हतं. पण जर्मनीच्या या भागात दोन वर्षं भटकल्यावर हे उत्तर तोंडात आपोआप येतं. हायडेलबर्गचा प्रसिद्ध किल्ला चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ आणि पुन्हा १६९३ मध्ये फोडला. राइनच्या काठावरचा अवाढव्य राइनफेल्स फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने १७९६-९७ मध्ये सुरुंग लावून उडवला. चार-पाच किल्ल्यांवरचे फलक वाचले की पॅटर्न दिसायला लागतो, आणि पॅटर्न दिसला की आम्ही इंजिनियर लोक पुढचं वाचणं बंद करतो.

“मेल्यांनी किती चांगला किल्ला घालवला,” आई म्हणाली. मीही हळहळलो. कॉल संपल्यावर त्या भिंतीवर उगाच थोडा वेळ हात ठेवून उभा राहिलो, रायगडावर ठेवतो तसा.

परतीच्या गाडीत फोनवर वाचलं तेव्हा कळलं की फ्रेंचांचा इथे काही संबंध नाही. किल्ल्याचं नाव वाइबरट्रॉय, खालचं गाव वाइन्सबर्ग, हाइलब्रॉन शहरापासून ट्रामने अगदी जवळ. १६ एप्रिल १५२५ रोजी, ईस्टरच्या रविवारी, हा किल्ला शेतकऱ्यांनी घेतला आणि जाळला. आसपासच्याच गावांतल्या, द्राक्षं आणि धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी.

आमची तासगावजवळ दोन एकर द्राक्षबाग आहे. वडील अजून स्वतः छाटणीला उभे राहतात. आणि त्या बागेच्या पैशांतून शिकलेला मी सरदाराच्या जळलेल्या भिंतीवर हात ठेवून हळहळत होतो.

हे मला बोचलं, आणि बरेच दिवस बोचत राहिलं. पडकी भिंत बघून आपल्याला वाईट वाटतं, ते नक्की कुणाच्या बाजूने वाटतं?

मराठी माणसाची यात एक खास अडचण आहे. आपल्याला किल्ला बघायला शिकवलं जातं ते आपला म्हणून. गड म्हणजे स्वराज्य, मावळे, आधार. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजीमहाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं. म्हणजे गडावरचा राजा आणि खाली नांगर धरणारा कुणबी हे आपल्या मनात एकाच बाजूला उभे असतात. गड पडला तर तो बाहेरच्याने पाडला. १८१८ मध्ये इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगांनी उडवले, कारण पुन्हा कुणी तिथे बसून लढू नये. तुटलेली पायरी म्हणजे आपल्याला झालेली जखम, हे समीकरण ट्रेकच्या पहिल्या बिस्किटपुड्याबरोबर आपल्या पोटात जातं. मी तेच समीकरण घेऊन जर्मनीत फिरत होतो.

पण राइन आणि नेकारच्या खोऱ्यांतले बहुतेक किल्ले खालच्या गावाला आधार वाटावेत म्हणून बांधलेले नाहीत. राइनवरचे कितीतरी किल्ले सरळसरळ नाके होते. राइनफेल्स १२४५ मध्ये एका काउंटने बांधला तो नदीतून जाणाऱ्या मालावर जकात घेण्यासाठी. जकात इतकी झोंबली की दहा वर्षांत राइनकाठच्या शहरांनी एकत्र येऊन त्याला वेढा घातला. वेढा फसला. त्याच नदीवर आज बोटीतून फिरणारे पर्यटक दर वळणाला ‘वाव’ म्हणतात. मीही म्हटलं आहे. वरच्या तटावरून बंदूकवाला आपल्या होडीकडे बघत नसला की टोलनाका फार देखणा दिसतो.

जमिनीवरची गोष्ट आणखी साधी होती. खालची माणसं वरच्याची कुळं, बरीचशी त्याच्या मालकीचीच. वेठ हा आपला शब्द तिथल्या ‘फ्रोन’ला नेमका बसतो. ठरलेल्या दिवशी स्वतःचं शेत सोडून मालकाचं शेत नांगरायचं, त्याची लाकडं वाहायची, त्याचे दगड वाहायचे. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांच्या मागण्यांचं एक पत्रक तयार झालं, ‘बारा कलमं’. लिहून काढणारा होता सेबास्टियान लोत्सर नावाचा एक कातडीकाम करणारा कारागीर, त्याच्या जोडीला एक धर्मोपदेशक. छापखाना नवा होता, त्यामुळे हजारो प्रती पसरल्या. मागण्या वाचल्या तर आज कुणालाही साध्या वाटतील. गावाला आपला पाद्री निवडू द्या. जंगलातलं लाकूड, ओढ्यातले मासे, गायरान सगळ्यांचं असू द्या. खंड वाजवी करा. वेठ वाढवू नका. आम्ही कुणाच्या मालकीचे नाही, कारण ख्रिस्ताने सगळ्यांसाठी सारखंच रक्त सांडलं.

मला सगळ्यात लागलं ते अकरावं कलम. घरातला कर्ता मेला की मालक येऊन मृत्यूकर घेऊन जायचा, बहुतेकदा गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर नाहीतर अंगावरचे चांगले कपडे. ज्या दिवशी माणूस गेला त्याच दिवशी बैलही जायचा. हे बंद करा, एवढंच ते कलम म्हणतं. आमच्याकडे माणूस गेल्यावर बँकेचा माणूस निदान तेराव्यापर्यंत थांबतो.

हे वाचल्यावर मी चटकन बाजू बदलली. बरं झालं जाळला, असं वाटलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम पुन्हा वाइन्सबर्गला गेलो. आता तीच भिंत, तीच भगदाडं बघताना छाती जरा फुगली होती. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी इथे दगडांवर सही केली आहे, असं काहीतरी भारी वाक्य मी इन्स्टाग्रामसाठी मनात जुळवत होतो. ते टाकलं नाही, कारण बुरुजाच्या सावलीत बसून उरलेला इतिहास वाचला.

त्या ईस्टरच्या रविवारी किल्ल्याचा आणि गावाचा ताबा होता काउंट लुडविग फॉन हेल्फेनश्टाइनकडे. माणूस काही भला नव्हता. बोलणी चालू असताना त्याच्या स्वारांनी मागे पडलेल्या शेतकऱ्यांना कापलं, असं इतिहासकार लिहितात. गाव पडलं, किल्ला पडला, काउंट पकडला गेला. शेतकऱ्यांचा पुढारी येक्लाइन रोरबाख, जवळच्या बोकिंगनचा खानावळवाला. त्याने काउंटला आणि त्याच्याबरोबरच्या डझनभराहून जास्त सरदार-स्वारांना भाल्यांच्या दोन रांगांमधून पळवलं. दोन्ही बाजूंनी भोसकायचं, पडेपर्यंत. एक वादक सोबत वाद्य फुंकत होता. काउंटची बायको मार्गारेटे, बादशहा माक्सिमिलियानची अनौरस मुलगी, लहान मुलाला घेऊन नवऱ्याच्या प्राणांची भीक मागत होती. नंतर तिला आणि मुलाला शेणाच्या गाडीत घालून हाइलब्रॉनला रवाना केलं.

महिनाभरात उलटा हिशेब झाला. सरदारांचा सेनापती गेऑर्ग फॉन वाल्डबुर्ग मे महिन्यात आला. रोरबाखला झाडाला साखळीने बांधून भोवती आग पेटवली आणि हळूहळू भाजून मारलं. त्या वादकालाही तसंच. वाइन्सबर्ग गाव जाळून टाकलं. त्या वर्षभरात जर्मन प्रदेशांत किती शेतकरी मारले गेले याचा नेहमी दिला जाणारा अंदाज ७० हजार ते १ लाख असा आहे. मार्टिन लूथर, ज्याच्या शब्दांनी यातल्या अनेकांना धीर आला होता, त्यानेच या ‘लुटारू, खुनी’ शेतकऱ्यांना ठार मारा असं पत्रक काढलं.

मग आता? बरं झालं म्हणू, की वाईट झालं?

आपल्या पिढीची एक सवय मला माझ्यातच दिसली. आधी बाजू ठरवायची, मग त्या बाजूच्या माणसांनी केलेलं जे गळ्याखाली उतरत नाही ते ‘संदर्भ लक्षात घ्या’ म्हणून ढकलायचं. संदर्भ खराच आहे. ज्याच्या बापाच्या मयताला बैल नेला, त्याच्या हातात भाला आल्यावर त्याने सभ्य वागावं, हा उपदेश पाचशे वर्षांनी, हातात ब्रेत्सेल धरून करणं फार सोपं आहे. पण मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली ती बाई त्या संदर्भात मावत नाही. मावावी असंही मला वाटत नाही. शेतकरी बरोबर होते, आणि त्या दिवशी भाल्यांच्या रांगांमध्ये जे झालं ते चुकीचं होतं. या दोन वाक्यांच्या मध्ये मी ‘पण’ घालून पाहिला. ‘पण’ घातला की लगेच एक वाक्य दुसऱ्याला खाऊन टाकतं. म्हणून ‘आणि’च ठेवला.

यात आणखी एक गंमत आहे. वाइन्सबर्गला जाणाऱ्या बहुतेक लोकांना यातलं काही ऐकायचं नसतं. ते येतात ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ‘वाइबरट्रॉय’ म्हणजे बायकांची निष्ठा. ११४० मध्ये राजा तिसरा कॉनराड याने इथे वेढा घातला होता. किल्ला शरण आला तेव्हा राजा म्हणाला, बायकांनी खांद्यावर वाहून नेता येईल तेवढं घेऊन बाहेर पडावं. बायकांनी दागिने, भांडी, सगळं टाकलं आणि आपापल्या नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन त्या टेकडी उतरल्या. राजाचा भाऊ चिडला, ही फसवणूक आहे म्हणाला. राजा म्हणाला, राजाचा शब्द फिरवता येत नाही. कोलोनच्या जुन्या बखरीत ही गोष्ट आहे, पुढे ग्रिम बंधूंच्या दंतकथांच्या संग्रहातही आली. खरी असो-नसो, गोष्ट झकास आहे. (ज्यांची लग्नं झाली नव्हती त्या पोरांचं काय झालं, हा माझ्या सिंगल मित्राने विचारलेला प्रश्न मात्र कुठल्याच बखरीत सुटत नाही.)

एकोणिसाव्या शतकात युस्टिनुस केर्नर नावाचा एक डॉक्टर-कवी या गावात राहत होता. तोवर पडक्या किल्ल्याचे दगड लोक घरं बांधायला नेत होते. १८२० च्या दशकात केर्नरने बायकांची एक संस्था उभी केली, अवशेष वाचवले, वाटा केल्या, झाडं लावली. जाड बुरुजाच्या झरोक्यांत त्याने वाऱ्यावर वाजणाऱ्या तंतुवाद्यांच्या चौकटी बसवल्या. बुरुजाच्या भिंतींत भेट देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्याला दगडी अल्बम म्हणतात. आपल्याकडे किल्ल्यावर बदामात नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या देतो. इथे ते रीतसर, सुबक अक्षरांत केलेलं आहे आणि लोक त्याचेही फोटो काढतात. केर्नरच्या नावाची द्राक्षाची जातही आहे, ती १९२९ मध्ये वाइन्सबर्गलाच तयार झाली.

केर्नरचे उपकार आहेतच. तो नसता तर मला हात ठेवायला भिंत उरली नसती. पण त्याने वाचवलेला किल्ला हा निष्ठावान बायकांचा किल्ला आहे. वारा सुटला की सूर ऐकू यावेत असा. आपण ज्याला ‘पडक्या वास्तूचं सौंदर्य’ म्हणतो, ती करुण, धूसर, संध्याकाळची भावना, ती बरीचशी याच काळातल्या लोकांनी घडवून आपल्याला दिली आहे. त्या भावनेत पाडणारा कुणी नसतो. भिंत आपोआप, काळाच्या ओघात पडलेली असते. जर्मन फलकांवर नुसतंच लिहिलेलं असतं, अमुक साली ‘उद्ध्वस्त झाला’. आमच्या कामात सर्व्हर पडला की आम्हीही रिपोर्टमध्ये असंच लिहितो. ‘कॉन्फिगरेशन बदललं गेलं.’ कुणी बदललं ते लिहायचं नाही, त्यामुळे टीममध्ये शांतता राहते. तिथे ते योग्यही आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या आगीला तीच सवलत द्यायची का, हे मला ठरवता येत नाही.

पूर्व जर्मनीने उलटं टोक गाठलं होतं. त्यांच्या कम्युनिस्ट सरकारला १५२५ चे शेतकरी हे आपले पूर्वज वाटायचे. बंडातला धर्मोपदेशक थॉमस म्युन्त्सर त्यांच्या पाच मार्कांच्या नोटेवर होता. बाड फ्रांकेनहाउसेनला, जिथे त्याच्या शेतकऱ्यांची कत्तल झाली, तिथे वेर्नर ट्युब्के या चित्रकाराने १४ मीटर उंच आणि १२३ मीटर लांब वर्तुळाकार चित्र काढलं. ते खुलं झालं १९८९ मध्ये, म्हणजे ते सरकारच कोसळत होतं त्या वर्षी. सरकारला विजयगाथा हवी होती, असं चित्र बघताना तरी वाटत नाही. ते गोंधळाने, भीतीने, वेड्यासारख्या नाचणाऱ्या माणसांनी भरलेलं आहे. मला ते फलकांपेक्षा प्रामाणिक वाटतं.

आणि अल्ब्रेख्ट ड्यूररचं ते रेखाचित्र. १५२५ मध्येच त्याने भूमितीवर एक पुस्तक छापलं, त्यात शेतकऱ्यांवरच्या विजयाचा एक स्मारकस्तंभ आहे. खाली बांधलेली गुरं, वर टोपल्या, दुधाचं भांडं, फावडी-दाताळी एकावर एक. सगळ्यात वर एक शेतकरी डोकं हातावर टेकवून बसला आहे आणि त्याच्या पाठीत तलवार खुपसलेली आहे. ड्यूरर त्यांची थट्टा करतोय की त्यांच्यासाठी रडतोय, यावर अभ्यासक अजून भांडतात. फोनच्या स्क्रीनवर ते चित्र मोठं करून मी कितीतरी वेळ बघत होतो. छाटणी आटपून बांधावर बसलेले वडील तसेच बसतात, पाय जवळ घेऊन. हा स्तंभ कुठेही उभा राहिला नाही.

मग वाटलं की निदान किल्ला तसाच पडका ठेवावा, ती भगदाडं हेच शेतकऱ्यांचं स्मारक. राइनवर श्टोल्त्सेनफेल्ससारखे किल्ले प्रशियाच्या राजघराण्याने एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभे केले, खऱ्यापेक्षा जास्त किल्ल्यासारखे. तसं इथे झालं नाही हे चांगलंच. पण माझी भगदाडाची कल्पनाही नीट टिकली नाही. १५०४ मध्ये व्युर्टेमबर्गच्या ड्यूकने याच किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या. १५२५ नंतर गावकऱ्यांनी दगड नेले ते वेगळंच. मी ज्या भगदाडाला शेतकऱ्याची सही समजत होतो, ते तोफेचं असेल, नाहीतर कुणाच्या तरी गोठ्याच्या पायाचं. भिंत बघून ते कळत नाही. कळण्यासाठी वाचावं लागतं, आणि वाचल्यावर भिंतीवर हात ठेवून काही वाटून घेणं आधीइतकं सोपं राहत नाही.

आणि जो प्रश्न मी इथे विचारतोय तो मी सह्याद्रीत कधीच विचारला नव्हता, हेही कबूल करायला हवं. गडावरचा तो कातीव दगड कुणी वर चढवला, त्याला काय मिळालं, पाऊस लागल्यावर त्याच्या शेताचं काय झालं. वेठ हा शब्द मराठीत आहे म्हणजे वेठ मराठी मुलखातही होती. शिवाजीमहाराजांनी रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नये म्हणून सैन्याला ताकीद दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवं. पण आपल्या डोंगरांवर साडेतीनशेच्या आसपास किल्ले आहेत असं आपण म्हणतो, आणि ते सगळे एकाच राजाने, एकाच शिस्तीत बांधलेले नाहीत. त्यात शिलाहार आहेत, यादव आहेत, बहमनी, आदिलशाही, निजामशाही आहे. पुढच्या वेळी गड चढताना हा प्रश्न सोबत असला तर महाराजांचा अपमान होणार नाही. उलट त्यांनी काय वेगळं केलं ते तेव्हाच नीट कळेल, असा माझा अंदाज आहे. हे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायची हिंमत मात्र अजून झालेली नाही.

आईला मात्र खरं सांगितलं. त्या दुसऱ्या रविवारी बुरुजावरूनच फोन लावला.

“आई, मागच्या वेळी चुकीचं सांगितलं. फ्रेंचांनी नाही पाडला. शेतकऱ्यांनी जाळला.”

“का?”

मी वेठ सांगितली, बैलाचं सांगितलं. “मग जाळतील नाही तर काय करतील,” ती लगेच म्हणाली. मग मी भाल्यांच्या रांगांचं सांगितलं, मार्गारेटेचं सांगितलं, शेणाच्या गाडीचं. ती काही बोलली नाही. नेटवर्क गेलं असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

“ऐकतेय,” ती म्हणाली. “पोरगं वाचलं का?”

“वाचलं.”

“आणि ज्यांनी जाळला ते?”

“ते नाही वाचले.”

मागून वडिलांचा आवाज आला, जरा कॅमेरा खाली कर म्हणाले. मी केला. उतारावरच्या बागा त्यांना बघायच्या होत्या. एवढ्या तिरक्या जमिनीवर ट्रॅक्टर कसा जातो, फवारणी कशी करतात, एका ओळीत झाडं किती, सगळं विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. खूप तिरक्या जागी अजून हातानेच काम करतात, काढणीला पोलंड-रोमेनियातून हंगामी माणसं येतात.

“रोज किती देतात?” वडिलांनी विचारलं.

ते मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.